विश्लेषण : तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली, तर आज गायले जाणारे अभंग आले कुठून?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे निघते, तेव्हा सांगवीकर पवना ओलांडून दापोडीत दर्शनाला उभे राहतात. दिंडीतल्या बहुतेकांच्या हातात टाळ असतात, पुस्तक नसते. अभंग पाठ आहेत. मात्र त्यातले तुकोबांचे नेमके कोणते, याचे उत्तर सरळ नाही.

वाण्याचे दुकान ते कीर्तन

तुकाराम बोल्होबा आंबिले यांचा जन्म देहूत १६०८ चा मानला जातो. घरी शेती, वाण्याचे दुकान, सावकारी आणि विठ्ठलाची पूजा. आई-वडील गेले, थोरला भाऊ सावजी घर सोडून गेला. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात पहिली पत्नी रखमा आणि मुलगा संतू दगावले, व्यापार बुडाला. पुढे तुकोबांनी कर्जखतांची वाटणी केली. धाकट्या कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडे वसुलीला न गेलेला हा सावकार. मग भंडारा डोंगरावरचा एकांत, देहूत आणि आजोळी लोहगावात कीर्तने. संसार ओढला तो दुसरी पत्नी जिजाईने. तिला कजाग ठरवण्याची जुनी सवय आहे, पण डोंगरावर भाकरी घेऊन जाणारीही तीच.

वह्या कोणी बुडवायला लावल्या?

शूद्र मानल्या गेलेल्या माणसाने वेदांचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगावा, हे धर्मपंडितांना खपले नाही. परंपरेनुसार वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या सांगण्यावरून वह्या डोहात सोडाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस नदीकाठच्या शिळेवर उपाशी बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. चमत्कार न मानणारे याचा अर्थ वेगळा लावतात : कागद गेले, पण अभंग लोकांच्या ओठांवर होते, तिथून ते परत मिळाले. रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले, यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

मग लिहून कोणी ठेवले?

परंपरा दोन नावे घेते : चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ. संताजी तेलाचा घाणा चालवणारे. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्यात आहे. आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणचे हे मोठे देणे. संताजींच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी पुढे गाथेची वेगळी आवृत्ती काढली.

तुकोबा गेले १६५० मध्ये. छापील गाथेसाठी १८६९ आणि १८७३ उजाडले. मुंबई सरकारच्या पैशातून दोन खंड निघाले, संपादक विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथली हस्तलिखिते ताडून साडेचार हजारांहून अधिक अभंग त्यात आले. सगळे तुकोबांचेच, अशी खात्री कोणी देत नाही. शेवटी कवीचे नाव गुंफायची रीत असल्याने दुसऱ्याची रचनाही त्यांच्या नावावर सहज चढे.

गाजलेले अभंग कोणी निवडले?

आधी फडांनी आणि कीर्तनकारांनी, नंतर रेकॉर्ड कंपनीने. श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि लता मंगेशकरांचा आवाज असलेल्या ‘अभंग तुकयाचे’ या रेकॉर्डने मूठभर अभंग घरोघरी पोहोचवले. निवड सुरेख, पण कल विठ्ठलाच्या ओढीकडे. ढोंगी बुवा, जातीचा गर्व आणि रिकामे पांडित्य यांना सोलून काढणारा तुकोबा तिथे भेटत नाही. त्यासाठी गाथाच उघडावी लागते.

एक मोठे ‘हिट’ तर गाथेत सापडतच नाही. प्रभातच्या १९३६ मधल्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी असलेले, बीज आणि वृक्षाचा दृष्टांत देणारे गाणे अनेकजण आजही तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिले होते.