विश्लेषण : एआयच्या उत्तरांत # हे चिन्ह कुठून आले? ॲरन स्वार्ट्झ कोण होता?

चॅटजीपीटी किंवा जेमिनीने दिलेले उत्तर कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये पेस्ट केले, की मजकुरात बऱ्याचदा # आणि  अशी चिन्हे डोकावतात. ही काही चूक नसते. 'मार्कडाऊन' नावाच्या लेखनपद्धतीची ती खूण असते. यातली शीर्षकाआधी # लावण्याची रीत आली ती २००२ मध्ये एका अमेरिकी मुलाने शाळकरी वयात लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रॅममधून. त्या मुलाचे नाव ॲरन स्वार्ट्झ. अशी कितीतरी छोटी साधने त्याने तयार केली आणि जगाला देऊन टाकली. पुढे अशाच एका छोट्या प्रोग्रॅममुळे त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. खटला चालण्याआधीच, ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या साधनांचा वापर मात्र आजही सुरू आहे.

घरातच संगणक...

ॲरनचा जन्म ८ नोव्हेंबर १९८६ चा, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातला. शिकागोजवळच्या हायलंड पार्क या उपनगरात तो वाढला. तीन भावांमध्ये तो थोरला. वडिलांची सॉफ्टवेअर कंपनी असल्याने संगणक आणि इंटरनेट घरात लवकर आले. शाळेत त्याचे मन रमेना. नववीनंतर त्याने शाळा सोडली, घरीच अभ्यास सुरू केला आणि जवळच्या लेक फॉरेस्ट महाविद्यालयात काही विषय शिकला.

विकिपीडिया सुरू होण्याआधीच त्याने 'द इन्फो नेटवर्क' नावाचे संकेतस्थळ बनवले होते. कोणीही यावे आणि आपल्याला ठाऊक असलेली माहिती त्यात भरावी, अशी त्याची रचना होती. या कामासाठी 'आर्सडिजिटा' हा तरुण संकेतस्थळकारांसाठीचा पुरस्कार मिळाला तेव्हा तो १३ वर्षांचा होता.

चौदाव्या वर्षी 'आरएसएस'च्या गटात कसा?

प्रत्येक संकेतस्थळावर जाऊन नवीन काय आले ते पाहण्याऐवजी, नवे मजकूर एका ठिकाणी आपोआप जमा व्हावेत, यासाठी 'आरएसएस' हे तंत्र आहे. पॉडकास्टचे नवे भाग ॲपमध्ये आपोआप दिसतात ते याच कुळातील तंत्रामुळे. डिसेंबर २००० मध्ये आरएसएसची १.० ही आवृत्ती ठरवणाऱ्या गटात ॲरन होता. गटाचे काम ईमेलवरून चाले. प्रत्यक्ष भेटायचे ठरले तेव्हा आई पाठवेल की नाही, अशी अडचण त्याने सांगितली. आपला हा सहकारी जेमतेम १४ वर्षांचा आहे, हे इतरांना तेव्हा कळले.

त्यानंतर कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांच्या पुढाकाराने 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाने तयार होऊ लागले. आपले लेखन किंवा छायाचित्र इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे, हे निर्मात्यालाच सोप्या भाषेत सांगता यावे, हा त्यामागचा हेतू. या अटी माणसाप्रमाणे संगणकालाही वाचता याव्यात, या भागाची रचना ॲरनने केली. डिसेंबर २००२ मध्ये हे परवाने आले तेव्हा तो १६ वर्षांचा होता. मराठी विकिपीडियावरील लेखही आज क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच परवान्याखाली वाचकांपर्यंत पोहोचतात.

# चिन्हाचा त्याच्याशी संबंध काय?

संकेतस्थळांची पाने 'एचटीएमएल' या भाषेत लिहिली जातात. त्यात एक साधे शीर्षक द्यायचे तरी आधी आणि नंतर कंसातल्या खुणा लिहाव्या लागतात. लिहिणाऱ्याचे अर्धे लक्ष मजकुरावर आणि अर्धे खुणांवर. ॲरनने २००२ मध्ये 'एटीएक्स' नावाचा छोटा प्रोग्रॅम केला. ओळीच्या सुरुवातीला # लिहिले की शीर्षक, दोन # लिहिले की उपशीर्षक, असा त्याचा साधा नियम. बाकीचे रूपांतर प्रोग्रॅम करी.

त्याच सुमारास जॉन ग्रुबर हे लेखक अशाच प्रश्नावर काम करत होते. २००४ मध्ये त्यांनी 'मार्कडाऊन' जाहीर केले. ते घडवताना ॲरनने नियम तपासले, सूचना केल्या. मार्कडाऊनचे मुख्य श्रेय ग्रुबर यांचेच. त्यांनी # ची रीत मात्र ॲरनच्या प्रोग्रॅमवरून घेतली आणि तिला 'एटीएक्स शैली' असेच नाव दिले. पुढे प्रोग्रॅमर आपल्या सूचनापत्रिका मार्कडाऊनमध्ये लिहू लागले, नंतर नोंदी ठेवणारी ॲप आली आणि आता एआय चॅटबॉट याच पद्धतीने उत्तरे मांडतात. ॲपमध्ये ही चिन्हे ठळक अक्षरांत आणि शीर्षकांत बदलून दिसतात. हे रूपांतर न करणाऱ्या ठिकाणी मजकूर पेस्ट केला, की मूळ चिन्हे उघडी पडतात.

'छोटी साधने' म्हणजे नेमके काय?

ॲरनच्या कामाची पद्धत ठरलेली होती. स्वतःला एखादी अडचण आली की तेवढ्यापुरता छोटा प्रोग्रॅम लिहायचा, तो नीट चालतो आहे असे दिसले की सर्वांसाठी खुला करायचा. 'एचटीएमएल टू टेक्स्ट' हे त्याचे साधन जाहिराती-चौकटींनी भरलेल्या पानातून खुणा काढून साधा, वाचण्याजोगा मजकूर देई. 'आरएसएस टू ईमेल' हे साधन आवडत्या संकेतस्थळांवरचे नवे मजकूर थेट ईमेलच्या पेटीत आणून टाकी. दोन्ही पायथन भाषेत लिहिलेली आणि प्रत्येकाचे काम एकच.

येथे 'मोफत' आणि 'मुक्त' यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिथे कायम गोंधळ होतो, मराठीत तो होण्याचे कारण नाही. मोफत म्हणजे पैसे न देता मिळणारे. फोनमधील बहुतेक ॲप मोफत असतात, पण ती आत कशी चालतात हे पाहता येत नाही आणि त्यांत बदलही करता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांना वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेली प्रत पुढे देता येते. ॲरनची साधने या दुसऱ्या प्रकारातली होती. त्यामुळे त्याने एखाद्या साधनाकडे लक्ष देणे थांबवले, तरी ते बंद पडत नसे. गरज असलेला दुसरा कोणीतरी ते उचलून पुढे नेई.

स्टॅनफर्ड का सोडले? रेडिटशी संबंध कसा आला?

२००४ मध्ये ॲरनने कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे तो एकच वर्ष टिकला. २००५ च्या उन्हाळ्यात नवउद्योगांना पैसा पुरवणाऱ्या 'वाय कॉम्बिनेटर'च्या पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली. त्याची 'इन्फोगामी' ही कंपनी फारशी चालली नाही आणि ती त्याच तुकडीतल्या 'रेडिट'मध्ये विलीन झाली. रेडिट तेव्हा नव्याने लिहिले जात होते. त्या कामासाठी ॲरनने 'वेब डॉट पाय' हे साधन तयार केले. संकेतस्थळ उभारण्यासाठी लागणारा किमान सांगाडा, एवढेच त्याचे काम. तेही त्याने सर्वांसाठी खुले केले.

ऑक्टोबर २००६ मध्ये 'काँदे नास्त' या प्रकाशन समूहाने रेडिट विकत घेतले. विशीतच हाती पैसा आला, पण कार्यालयातील नोकरी त्याला मानवली नाही. काही महिन्यांतच तो बाहेर पडला. पुढच्याच वर्षी तो 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या 'ओपन लायब्ररी' प्रकल्पाच्या उभारणीत होता. प्रत्येक पुस्तकासाठी इंटरनेटवर एक पान, ही त्याची कल्पना. कंपनी म्हणून न चाललेले इन्फोगामी आणि वेब डॉट पाय ही दोन्ही साधने या ग्रंथालयाच्या पायात गेली. वेब डॉट पायची देखभाल नंतर एका भारतीय प्रोग्रॅमरने अनेक वर्षे केली.

न्यायालयांची दोन कोटी पाने...

अमेरिकेत केंद्रीय न्यायालयांची कागदपत्रे सार्वजनिक मालकीची असतात. 'पेसर' या सरकारी प्रणालीतून ती पाहायची, तर २००८ मध्ये पानामागे आठ सेंट मोजावे लागत. प्रयोग म्हणून १७ ग्रंथालयांत ती फुकट पाहण्याची सोय झाली होती. ॲरनने एका छोट्या प्रोग्रॅमच्या मदतीने तेथून सुमारे दोन कोटी पाने उतरवून घेतली. सोय एकाएकी बंद करण्यात आली आणि 'एफबीआय'ने चौकशी सुरू केली. कागदपत्रे मुळात सार्वजनिकच असल्याने २००९ मध्ये ही चौकशी गुन्हा न नोंदवता संपली.

जेस्टोर प्रकरण काय होते?

'जेस्टोर' हा संशोधन-नियतकालिकांतील जुन्या लेखांचा डिजिटल संग्रह. विद्यापीठे वर्गणी भरतात, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना तो खुला होतो. बाहेरच्या वाचकाला एकेका लेखासाठी पैसे मोजावे लागत. विद्वानांचे लेखन अशा भिंतींमागे राहू नये, असे ॲरनचे ठाम मत होते आणि २००८ मधील एका जाहीरनाम्यात त्याने ते मांडलेही होते.

सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०११ या काळात त्याने 'एमआयटी' या संस्थेच्या जाळ्याला पाहुणा म्हणून जोडून घेत जेस्टोरचे ४० लाखांहून अधिक लेख उतरवून घेतले. लेख मागून मागून साठवणारा छोटा पायथन प्रोग्रॅम हेच साधन. मागणी इतकी वाढली की जेस्टोरने एमआयटीतून येणारा प्रवेश काही काळ रोखला. एकदा अडवल्यावर तो जोडणीचा पत्ता बदलून परत येई. पुढे त्याने लॅपटॉप एमआयटीच्या तारांच्या खोलीत ठेवला. तेथेच तो कॅमेऱ्यात टिपला गेला आणि ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली.

खटल्यावरून वाद का?

ॲरनने उतरवलेले लेख परत केले आणि जेस्टोरने त्याच्याशी तडजोड करून आपल्या बाजूने विषय संपवला. एमआयटीने तटस्थ राहण्याची भूमिका घेतली. सरकारी वकिलांनी मात्र जुलै २०११ मध्ये आरोप ठेवले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांची संख्या १३ वर नेली. मुख्य आधार होता संगणकीय फसवणुकीविरोधातील १९८६ चा कायदा, म्हणजे ॲरनच्याच वयाचा. विनापरवाना प्रवेश कशाला म्हणायचे, याची त्यातील व्याख्या ढोबळ आहे. आरोप सिद्ध झाले असते तर कागदोपत्री कमाल शिक्षा अनेक दशकांची झाली असती. गुन्हा कबूल केल्यास काही महिन्यांच्या तुरुंगवासाचा पर्याय त्याच्यापुढे ठेवण्यात आला. त्याने तो नाकारला.

सरकारी पक्षाचे म्हणणे असे, की प्रवेश बंद केल्यावरही आडमार्गाने आत शिरणे हा गुन्हाच आहे, हेतू कोणताही असो. टीकाकारांचे म्हणणे, की त्यात कोणाचे पैसे बुडाले नाहीत आणि शिक्षेची भीती कृत्याच्या तुलनेत अवाजवी होती. ते लेख घेऊन तो नेमके काय करणार होता, हे न्यायालयात कधीच स्पष्ट झाले नाही, कारण सुनावणीच झाली नाही.

याच काळात तो सार्वजनिक कामातही होता. संकेतस्थळे बंद पाडण्याचे व्यापक अधिकार देणाऱ्या 'सोपा' विधेयकाविरोधात त्याच्या 'डिमांड प्रोग्रेस' या संघटनेने मोहीम चालवली. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियासह हजारो संकेतस्थळे निषेध म्हणून बंद राहिली आणि विधेयक बारगळले. वर्षभरानंतर ॲरनने न्यूयॉर्कमधील राहत्या घरी आत्महत्या केली. काही दिवसांतच त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले.

मागे काय राहिले?

त्याच्या मृत्यूनंतर १९८६ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे 'ॲरनचा कायदा' नावाचे विधेयक अमेरिकी संसदेत आले, पण ते मंजूर झाले नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकी सरकारने सार्वजनिक पैशांतून झालेले संशोधन जनतेला खुले करण्याचे निर्देश दिले. २०२२ मध्ये ते अधिक कडक झाले. २०१३ मध्येच त्याचा 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये मरणोत्तर समावेश झाला.

त्याचे शेवटचे महत्त्वाचे साधन पत्रकारांसाठी होते. स्वतःची ओळख न सांगता वृत्तपत्राकडे कागदपत्रे पोहोचवता यावीत, यासाठी पत्रकार केविन पोल्सेन यांच्यासह त्याने ते घडवले. मे २०१३ मध्ये 'द न्यूयॉर्कर'ने ते प्रथम वापरले. आज 'सिक्युअरड्रॉप' या नावाने 'फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन' त्याचा सांभाळ करते आणि अनेक मोठ्या वृत्तसंस्था ते वापरतात. 'एचटीएमएल टू टेक्स्ट' स्वयंसेवकांनी पुढे चालू ठेवले आहे. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेली ही साधने टिकली ती दोन कारणांनी. ती लहान होती, म्हणून दुसऱ्याला समजली. ती मुक्त होती, म्हणून त्यांना हात लावायला कोणाची परवानगी लागली नाही. संशोधनाच्या लेखांना हा दुसरा नियम लागू व्हावा की नाही, हा ॲरनने उभा केलेला प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही.

(मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर जवळच्या व्यक्तीशी बोला किंवा 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर संपर्क साधा.)