सार्जंट रोन्काली

ज्या परमगुरुस्वामींस जग संत पोप तेविसावे जॉन म्हणून ओळखते, ते एके काळी फौजेत सार्जंट होते, हे आमच्या पुष्कळ धर्मबांधवांस ठाऊक नसेल. त्यांच्या पोपपदाचा वृत्तान्त सर्वत्र सापडतो. म्हणून तो आम्ही येथे विस्ताराने देत नाही.

आंजेलो रोन्काली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीत, बेर्गामोजवळील सोत्तो इल मोंते या खेड्यात झाला. घराणे बटईने शेती करणारे. बटई म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यातील वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. शेतावर राबणाऱ्या भावाची लष्करी नोकरीतून सुटका व्हावी म्हणून १९०१ साली सेमिनरीतला हा विद्यार्थी वर्षभरासाठी फौजेत शिरला. बराकीतील अमंगळ भाषणाने त्याचे मन इतके विटले की, त्या वर्षास त्याने बाबिलोनच्या बंदिवासाची उपमा दिली. तरीही तो सार्जंट होऊनच परतला. १० ऑगस्ट १९०४ रोजी रोम येथे गुरुदीक्षा झाली; तेव्हा यापुढे त्यांचा उल्लेख आदरार्थी करणे प्राप्त आहे.

मे १९१५ मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि फादर रोन्काली यांस पुन्हा बोलावणे आले. मात्र या वेळी वैद्यकीय पथकात. तेहेतीस वर्षांचे धर्मगुरू सार्जंटच्या पोशाखात बेर्गामोच्या लष्करी रुग्णालयांत वावरू लागले. त्यांनी मिशाही राखल्या होत्या! पुढे त्या मिशांचे त्यांस स्वतःसच हसू येई. मार्च १९१६ मध्ये त्यांस लेफ्टनंटचा दर्जा देऊन सैनिकांचे धर्मगुरू नेमण्यात आले.

त्यांनी १९०१ पासून १९६२ पर्यंत घरच्यांस लिहिलेली ७०० हून अधिक पत्रे १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. युद्धकाळातील पत्रेही त्यांत आहेत. ती वाचताना सेनापतींच्या डावपेचांची अपेक्षा कोणी करू नये. आईबापांची विचारपूस, फौजेत गेलेल्या भावांची काळजी, देवाच्या योजनेवर भरवसा ठेवण्याची विनवणी, असा तो साधा मजकूर आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शेतकऱ्यांस लिहिलेली ती पत्रे होत.

रुग्णालयात मात्र धीर टिकवणे सोपे नव्हते. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तो येथे इटलीच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. फादर रोन्काली पापनिवेदन ऐकत, अखेरचे तैलाभ्यंग देत, मरणाऱ्या पोरांच्या उशाशी बसत. गरीब घरच्या त्या पोरांची साधी, पवित्र मरणे पाहून आपण खोलीत एकटेच गुडघे टेकून लहान मुलाप्रमाणे रडत असू, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. ज्या बराकीचा त्यांस किळस आला होता, तेथलीच ही पोरे. बराक सुधारली होती, असे आम्हांस वाटत नाही. मृत्यूच्या खाटेशी बसून ऐकणारा कान निराळा झाला होता.

युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात थांबले. ११ एप्रिल १९६३ रोजी, मृत्यूस दोन महिनेही उरले नसता, याच सार्जंटने जागतिक शांततेविषयी आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. २०१७ साली त्यांस इटलीच्या भूदलाचे आश्रयदाते संत ठरविण्यात आले, तेव्हा शांततेच्या पोपांस लष्कराच्या हवाली केले, अशी तक्रार तेथील काही कॅथलिकांनी केली. तक्रार अगदीच निराधार नव्हती.