विश्लेषण : मैफल संपेल, ध्वनिमुद्रण उरेल... ग्लेन गूल्ड यांचे भाकीत कुठे चुकले?

पाश्चात्त्य अभिजात संगीताची नवी ध्वनिमुद्रणे करून खर्च भरून काढणे आज अवघड झाले आहे. सीडीचा खप घसरला आणि स्ट्रीमिंगचे उत्पन्न तुटपुंजे आहे. साठ वर्षांपूर्वी मात्र एका पियानोवादकाने आपली अख्खी कारकीर्द ध्वनिमुद्रणाच्या भरवशावर सोपवली होती.

कोण होते ग्लेन गूल्ड?

गूल्ड यांचा जन्म २५ सप्टेंबर १९३२ रोजी कॅनडातील टोरांटोत झाला. जून १९५५ मध्ये न्यू यॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. १९५६ मध्ये ती तबकडी बाजारात आली आणि २३ वर्षांचा हा तरुण जगभर पोहोचला. पुढच्याच वर्षी त्यांनी सोव्हिएत संघाचा दौरा केला.

मैफली का सोडल्या?

१० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वादन करून ते जे उठले, ते पुन्हा मैफलीत बसले नाहीत. तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ होते. श्रोत्यांसमोर बसण्यात त्यांना कलेपेक्षा कसरत अधिक दिसे. स्टुडिओत तसे नव्हते. बाखची एक फ्यूग त्यांनी अनेकदा वाजवली आणि सहाव्या व आठव्या वादनाच्या फिती जोडून अंतिम रूप सिद्ध केले. शंभर वर्षांत जाहीर मैफल नामशेष होईल, असे भाकीत त्यांनी १९६६ मधील एका लेखात केले.

अखेर कशी झाली?

१९८१ मध्ये त्यांनी ‘गोल्डबर्ग’ पुन्हा ध्वनिमुद्रित केली, या वेळी डिजिटल तंत्राने आणि बऱ्याच संथ लयीत. ती प्रकाशित होत असतानाच, पन्नाशी पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. तीनच दिवस आधी जपानमध्ये सीडीची विक्री सुरू झाली होती.

मग पुढे काय झाले?

सीडीने या उद्योगाला भरभराटीचा काळ दाखवला, पण तो टिकला नाही. कोलंबिया १९८८ मध्ये सोनीकडे गेली, तर ईएमआयचा अभिजात संगीत विभाग २०१३ मध्ये वॉर्नरकडे. लंडन सिम्फनीसारख्या वाद्यवृंदांना ध्वनिमुद्रिका स्वतःच काढाव्या लागल्या. गूल्ड यांची दोन्ही ‘गोल्डबर्ग’ आजही ऐकली जातात, आणि पेच नेमका तिथेच आहे. आज हीच रचना वाजवणाऱ्या नव्या वादकाची स्पर्धा त्याच पडद्यावर, त्याच वर्गणीत मिळणाऱ्या गूल्ड यांच्याशी असते. ध्वनिमुद्रण उरले खरे. पण वादकाचे पोट मात्र गूल्ड यांनी नाकारलेल्या मैफलीवरच चालते.