मारी-आंत्वान कारेम

मारी-आंत्वान कारेम (जन्म : ८ जून १७८४, पॅरिस, मृत्यू : १२ जानेवारी १८३३, पॅरिस) हे फ्रेंच पाककलातज्ज्ञ, पेस्ट्रीकार आणि लेखक होते. काही नोंदींत त्यांचे जन्मवर्ष १७८३ असे आढळते. फ्रेंच उच्च पाककलेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. साखर, बदामाचा लगदा आणि पेस्ट्री यांपासून घडवलेल्या उंच शोभिवंत रचनांसाठी ते विशेष प्रसिद्ध होते. अशा रचनेला फ्रेंच भाषेत 'पिएस मोंते' म्हणतात.

== बालपण आणि उमेदवारी ==
कारेम यांचा जन्म अत्यंत गरीब व मोठ्या कुटुंबात झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, बालवयातच वडिलांनी त्यांना पॅरिसच्या रस्त्यावर सोडून दिले. एका साध्या खानावळीत पडेल ते काम करून त्यांनी निवारा मिळवला. १७९८ च्या सुमारास पाले-रॉयाल परिसरातील नामांकित पेस्ट्रीकार सिल्वां बायी यांच्याकडे ते उमेदवारी करू लागले. बायी यांनी या होतकरू मुलाची जिज्ञासा ओळखली आणि कामातून वेळ काढून राष्ट्रीय ग्रंथालयात जाण्याची मोकळीक त्याला दिली. तेथे कारेम यांनी प्राचीन मंदिरे, भग्नावशेष व मनोरे यांची चित्रे अभ्यासली, त्यांच्या नकला काढल्या आणि त्याच आकृत्या साखरेत व पेस्ट्रीत साकारल्या. या रचना दुकानाच्या दर्शनी भागात मांडल्या जात.

== कारकीर्द ==
पुढे कारेम यांनी पॅरिसच्या 'र्‍यू द ला पे' या रस्त्यावर स्वतःचे दुकान काढले. मुत्सद्दी तालेराँ यांच्या घरच्या मेजवान्यांमुळे त्यांची कीर्ती वाढली. रशियाचे झार पहिले अलेक्झांडर पॅरिसमध्ये असताना कारेम यांनी त्यांच्यासाठी भोजन सिद्ध केले. त्यानंतर इंग्लंडचे प्रिन्स रीजंट (पुढे राजे चौथे जॉर्ज) यांच्या सेवेत ते होते. उत्तरायुष्यात त्यांनी पॅरिसमधील बँकमालक जेम्स द रॉथ्सचाइल्ड यांच्या पाकगृहाची धुरा सांभाळली. फ्रेंच सॉसचे मूळ प्रकार ठरवून त्यांचे पद्धतशीर वर्गीकरण करणे, हे त्यांचे पाकशास्त्रातील मोठे कार्य होय.

== ग्रंथलेखन ==
१८१५ मध्ये त्यांचे 'ल पातिसिए रॉयाल पारिझियाँ' आणि 'ल पातिसिए पितोरेस्क' हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. दुसऱ्या ग्रंथात शोभिवंत रचनांची शंभराहून अधिक रेखाटने आहेत. एरवी गुरूच्या हाताखाली राहूनच मिळणारे ज्ञान या ग्रंथांमुळे दूरच्या शिकाऊ कारागिरांपर्यंत पोहोचले. 'लार द ला क्विझिन फ्रांसेझ' हा त्यांचा अखेरचा ग्रंथ अपूर्ण राहिला. त्याचे उर्वरित खंड प्ल्यूमेरे यांनी पूर्ण केले.

== शिष्य ==
बायी यांच्याकडून मिळालेला आधार कारेम यांनी पुढच्या पिढीला दिला. ज्यूल गुफे या किशोरवयीन मुलाने वडिलांच्या पेस्ट्रीच्या दुकानात मांडलेले काम त्यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतले. गुफे पुढे नामवंत पाककलातज्ज्ञ झाले. त्यांचा पाककलेवरील ग्रंथ १८६७ मध्ये, तर पेस्ट्रीवरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

== निधन ==
बंदिस्त पाकगृहांतील कोळशाच्या धुरात कारेम यांचे आयुष्य गेले. पन्नाशीही न गाठता झालेल्या त्यांच्या मृत्यूचे कारण बहुधा हाच धूर असावा, असे मानले जाते. मोंमार्त्र येथील दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

== वारसा ==
कारेम यांनी प्रतिष्ठा मिळवून दिलेली शोभिवंत रचनेची परंपरा आज स्पर्धांतून टिकून आहे. १९८९ मध्ये ल्योन येथे सुरू झालेल्या पेस्ट्रीच्या विश्वचषकात साखर व चॉकलेट यांची शिल्पे घडवावी लागतात. तरुण कारागिरांसाठीच्या 'वर्ल्डस्किल्स' या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धेतही पेस्ट्री व मिठाई हा स्वतंत्र विभाग आहे. २०२४ मध्ये ल्योन येथे झालेल्या या स्पर्धेत भारताला त्या विभागात कांस्यपदक मिळाले. अशा स्पर्धकांमागे अनुभवी मार्गदर्शकांकडून घेतलेले दीर्घ प्रशिक्षण असते.