हॅरी विल्यम्स कोण होते? पिनबॉलमध्ये ‘टिल्ट’ कसा आला?

जुनं पिनबॉल मशीन घरी दुरुस्तीला उघडलं, की आत एक धातूचा लोलक लटकलेला दिसतो. भोवती धातूची कडी. मशीन जोरात हलवलं की लोलक कडीला टेकतो, सर्किट पूर्ण होतं आणि तो चेंडू बाद! ही युक्ती अमेरिकेच्या हॅरी विल्यम्स यांची.

स्टॅनफर्डला इंजिनीअरिंग शिकलेले विल्यम्स मंदीच्या काळात कॅलिफोर्नियात मशीन बनवत होते. खेळाडू खालून थापा मारून गुण लाटत. वैतागून त्यांनी तळातून चक्क खिळे ठोकले! यात कोणाचा तरी हात फुटेल, हे उमगल्यावर टिल्ट सुचला. आधी खुंटीवर ठेवलेली गोळी, मग लोलक.

खरं तर त्यांचं मोठं काम वेगळंच. १९३३च्या ‘कॉन्टॅक्ट’ मशीनमध्ये बॅटरीवरची कॉइल खड्ड्यात पडलेला चेंडू परत उडवायची. खेळात वीज आली, तशी दुरुस्तीही वाढली. जुन्या मशीनचे स्विच साफ करण्यात आजही सुट्ट्या जातात.

१९४३मध्ये त्यांनी शिकागोत स्वतःची कंपनी काढली. फ्लिपर मात्र १९४७मध्ये प्रतिस्पर्धी गॉटलीब कंपनीने आणले.

विल्यम्स १९८३मध्ये गेले. घरच्या मशीनमधून काही जण लोलक काढूनच टाकतात. त्याची गरज नाही. तो दांडीवर वर-खाली सरकवून टिल्ट हवा तेवढा कडक किंवा सैल करता येतो.