कारखान्यातील विषाचा माग काढणाऱ्या डॉक्टर

ठाणे-कल्याण पट्ट्यात रेयॉन हा शब्द कोणाला नवा नाही. शहाडच्या आणि आता बंद पडलेल्या मोहन्याच्या कारखान्याने इथल्या अनेक घरांची चूल पेटती ठेवली. व्हिस्कोस रेयॉनचा धागा तयार करताना कार्बन डायसल्फाइड हे द्रव वापरतात. त्याची वाफ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेली, तर झोप उडते, चिडचिड वाढते, स्मरणशक्ती मंदावते, पायांतील बळ जाते. प्रसंगी माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. घरच्यांना वाटते, स्वभावच बिघडला. अशा बदलांचे मूळ कामाच्या जागी शोधायला हवे, हे अमेरिकेत पुराव्यानिशी दाखवून देणाऱ्या डॉक्टर म्हणजे ॲलिस हॅमिल्टन.

त्यांचा जन्म 27 फेब्रुवारी 1869 रोजी झाला. 1893 मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि 1897 पासून शिकागोच्या हल हाऊस या सेवाकेंद्रात, स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत राहू लागल्या. धट्टीकट्टी माणसे काही वर्षांतच कशी खंगतात, हे त्यांनी शेजारीच पाहिले.

1910 मध्ये इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य आजारांच्या पाहणीचे काम त्यांच्यावर सोपवले. त्यांचा मुख्य विषय होता शिसे. शिशामुळे पोटात कळा येतात आणि मनगटाच्या नसा निकामी होऊन हात लुळा लोंबकळतो. रुग्णालयात त्यांना असाच एक पोलिश मजूर भेटला. तो बाथटबना एनॅमल लावत असे. कारखान्यात चौकशी केली तर तिथे शिसे कुठेच दिसेना. हॅमिल्टन थेट मजुराच्या घरी गेल्या, तेव्हा खरे एनॅमलचे काम दुसऱ्याच ठिकाणी चालते हे कळले. तिथल्या भुकटीत शिसे भरपूर होते. रुग्णालयांची दप्तरे, औषधविक्रेते, कामगार संघटना, मजुरांच्या बायका अशा सर्वांकडून माहिती गोळा करून त्यांनी शिसेबाधेचे पाचशेहून अधिक रुग्ण नोंदवले. 1911 मध्येच राज्याने व्यवसायजन्य आजारांविषयी कायदा केला.

1919 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना नेमले. तिथल्या त्या पहिल्या महिला अध्यापक. मात्र अटी अशा की, अध्यापकांच्या क्लबात जायचे नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही आणि फुटबॉलची तिकिटे मागायची नाहीत. 1935 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांना बढतीही मिळाली नाही.

मोटारीच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास त्यांनी 1925 मध्येच जाहीर विरोध केला होता. तो मानला गेला नाही. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले 2000 मध्ये. तोवर नौपाड्याच्या गोखले रोडवरून शाळेत जाणारी मुलेही तोच धूर घेत होती. वाढत्या वयात शिशाची थोडी मात्राही बुद्धी आणि एकाग्रतेवर परिणाम करते, हे आता सिद्ध झाले आहे.

निवृत्तीनंतर 1937-38 मध्ये, वयाच्या सत्तरीकडे झुकताना, त्यांनी पेनसिल्व्हेनियातील रेयॉन कामगारांची पाहणी हाती घेतली. कामगारांच्या नसा, डोळे आणि मन या तिन्हींची तज्ज्ञांनी तपासणी केली. रक्त-लघवीच्या अहवालापलीकडे जाऊन माणसाचे वागणेही तपासायचे, ही आजच्या मज्जाविषशास्त्राची दिशा त्यात होती. 22 सप्टेंबर 1970 रोजी, 101 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा केंद्रीय कायदा झाला.

बॅटरी दुरुस्ती, रंगकाम, डाख देण्याचे काम करणाऱ्यांनी हातांना मुंग्या, विसराळूपणा किंवा अकारण संताप जाणवल्यास डॉक्टरांना आपले काम नेमके काय आहे, हे आवर्जून सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरीही.