लॉरेन्स ऑफ अरेबिया उंटामुळे गाजला, पण वाळवंटात त्याचा जीव जडला होता चिलखती रोल्स रॉईसवर

लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? पांढरा अरबी झगा, कमरेला वाकडा खंजीर आणि खाली उंट. १९६२ साली आलेल्या डेव्हिड लीनच्या सिनेमाने हे चित्र जगभर पक्कं केलं.

पण पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात हा गडी बऱ्याचदा गाडीत बसून तुर्कांच्या चौक्यांची टेहळणी करायचा. गाडी होती रोल्स रॉईस. राजेमहाराजांच्या दारात उभी राहणारी नव्हे, तर पोलादी पत्रा चढवून वर मशीनगन बसवलेली.

पुढे हीच गाडी, ज्या अरबांसाठी तो लढला त्यांच्यावरच वचक ठेवायला वापरली गेली. आणि तो निर्णय झाला त्या बैठकीत लॉरेन्सही होता.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमाडॉगचा. त्याच्या वडिलांचं खरं आडनाव चॅपमन. पहिली बायको आणि चार मुली सोडून ते मुलींच्या गव्हर्नेससोबत राहायला लागले आणि दोघांनी लॉरेन्स हे आडनाव घेतलं. म्हणजे जे नाव पुढे जगभर गाजलं, ते मुळात उसनं होतं.

ऑक्सफर्डमध्ये इतिहास शिकताना १९०९ मध्ये तो धर्मयुद्धांच्या काळातले किल्ले बघायला सीरियात गेला आणि भर उन्हाळ्यात दीड हजार किलोमीटरहून जास्त पायी फिरला. १९११ पासून कार्केमिशच्या उत्खननावर काम करताना त्याची अरबी भाषा पक्की झाली.

युद्ध सुरू झाल्यावर त्याला कैरोच्या गुप्तवार्ता विभागात घेतलं. १९१५ मध्ये त्याचे दोन भाऊ, फ्रँक आणि विल, फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले. लॉरेन्स मात्र कैरोत नकाशे करत बसला होता.

जून १९१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेन यांनी तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं. ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स त्यांचा मुलगा फैसल याला भेटला आणि तिथून त्याचं आयुष्य बदललं. ६ जुलै १९१७ ला अरबांनी अकाबा बंदर घेतलं. तोवर खेळ मुख्यतः उंटांचा होता. त्यानंतर वर्षअखेरीस अकाबाहून आत वाळवंटात उतरल्या त्या चिलखती गाड्या.

आता ही गाडी आली कुठून?

तर तिची सुरुवात वाळवंटात नाही, बेल्जियमच्या सीमेजवळ झाली. १९१४ मध्ये ब्रिटिश आरमाराचे वैमानिक कमांडर चार्ल्स सॅमसन डंकर्कला होते. विमानं मोजकीच होती, म्हणून त्यांची माणसं मोटारी घेऊन टेहळणी करायची, पडलेल्या वैमानिकांना उचलून आणायची. गोळ्या लागायला लागल्यावर त्यांनी तिथल्या जहाजाच्या कारखान्यातून बॉयलरचे पत्रे ठोकून घेतले. पण गाडी वरून उघडी होती, त्यामुळे उंचावरून नेम धरणाऱ्याला आतली माणसं आयती सापडायची.

म्हणून आरमाराने नवीन आराखडा केला. डिसेंबर १९१४ पर्यंत टरेटवाली गाडी तयार झाली. सांगाडा आणि इंजिन रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्टचं, सहा सिलिंडर, जवळपास साडेसात लिटरचं. चिलखतासकट वजन साधारण ४ टन. वर गोल फिरणारा टरेट, त्यात पाण्याने थंड होणारी व्हिकर्स मशीनगन, आत तीन माणसं. एवढा बोजा घेऊनही चांगल्या जमिनीवर ती ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळायची.

टेहळणीच्या गाडीचं गणित रणगाड्यापेक्षा वेगळं असतं. रणगाड्याला शत्रूची फळी फोडायची असते. टेहळणीच्या गाडीला जायचं असतं, बघायचं असतं आणि बातमी घेऊन जिवंत परत यायचं असतं. पत्रा जाड केला की वजन वाढतं, वजन वाढलं की वेग जातो. म्हणून चिलखत रायफलची गोळी अडवेल एवढंच होतं, तोफेचा गोळा अडवण्याचा विचारच नव्हता. मागचा भाग तर सरळ उघडा ठेवला होता, सामान लादायला. वजन पेलायला मागे दुहेरी चाकं दिली होती.

रेडिएटरपुढे पोलादी झडपा होत्या. ड्रायव्हर त्या आतून उघडझाप करायचा. गोळीबार सुरू झाला की बंद, पण फार वेळ बंद ठेवल्या तर इंजिन तापणार. प्रत्येक सोयीची अशी किंमत होती. मऊ वाळूत चाकं रुतायची, उन्हात आतली माणसं भाजून निघायची. पेट्रोल, पाणी, सुटे टायर सगळं सोबत न्यावं लागायचं. उंटासारखं चरायला सोडून चालत नव्हतं.

पण हिजाजच्या उत्तरेला सुकलेल्या चिखलाची मैलोन्मैल सपाट मैदानं आहेत. तिथे ही गाडी सुसाट सुटायची. लॉरेन्सने १९१७ च्या अखेरीस या गाड्या घेऊन मुदव्वराच्या बाजूला टेहळणी केली. सोबत टॅल्बट गाड्यांवर छोट्या तोफा होत्या. एप्रिल १९१८ मध्ये चिलखती गाड्या, इजिप्शियन उंटदळ आणि अरबांनी मिळून तल शहम स्टेशन घेतलं. मआन ते मुदव्वरा रेल्वे कायमची तुटली आणि मदिनेतली तुर्की फौज एकटी पडली.

सप्टेंबर १९१८ चा एक किस्सा आहे. दराच्या दक्षिणेला पूल उडवून परतताना लॉरेन्सच्या उघड्या रोल्सचा मागच्या स्प्रिंगचा आधार तुटला. तुर्क जवळच होते. ड्रायव्हरचं आडनावही योगायोगाने रोल्स. फळकुटांचा टेकू द्यायचं ठरलं, पण लाकूड कापायला करवतच नव्हती. मग फळीत ओळीने गोळ्या झाडून भोकं पाडली आणि ती मोडली. तारेने सगळं आवळलं आणि गाडी चालू लागली.

त्याच महिन्याच्या शेवटी ब्रिटिश आणि अरब फौजा दमास्कसच्या वेशीवर होत्या. पण ब्रिटन आणि फ्रान्सने हा मुलूख १९१६ मध्येच गुपचूप वाटून घेतला होता. लॉरेन्सला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवत राहिला आणि हा सल त्याला जन्मभर टोचत राहिला. जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी फैसलला दमास्कसमधून हाकललं. त्याच वर्षी इराकमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला.

मार्च १९२१ मध्ये चर्चिल यांनी कैरोला परिषद भरवली. लॉरेन्स त्यांचा सल्लागार होता. ठरलं असं की फैसलला इराकचा राजा करायचं आणि बंदोबस्त सांभाळायचा रॉयल एअर फोर्सने. मोठ्या फौजेचा खर्च परवडत नव्हता, म्हणून विमानं आणि चिलखती गाड्यांवर भागवायचं. मित्राला गादी मिळाली, पण गादीच्या भोवती पहारा होता त्याच रोल्स रॉईसचा. भारतासाठीही या गाडीचा वेगळा इंडियन पॅटर्न बनला.

लॉरेन्सने मग स्वतःचं नावच टाकून दिलं. १९२२ मध्ये तो रॉस या नावाने हवाई दलात साधा शिपाई झाला. बिंग फुटल्यावर १९२३ मध्ये शॉ या नावाने टँक कोअरमध्ये गेला आणि १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात परतला. तिथून कराची, मग वझिरिस्तानातलं मीरानशाह. अफगाणिस्तानात बंड पेटलं आणि तोच हेरगिरी करतोय अशा बातम्या छापून आल्या. सरकारने त्याला घाईघाईने परत बोलावलं. जानेवारी १९२९ मध्ये तो मुंबईहून जहाजाने इंग्लंडला गेला.

१३ मे १९३५ ला सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना त्याची मोटरसायकल उलटली. १९ मे रोजी बॉव्हिंग्टन छावणीच्या दवाखान्यात तो गेला. वय ४६.

गाड्या मात्र थांबल्या नाहीत. १९४० मध्ये त्या इजिप्तच्या सीमेवर इटालियन फौजेविरुद्ध पळत होत्या. १९४१ मध्ये इराकमध्ये पुन्हा ब्रिटिशविरोधी उठाव झाला, तेव्हा हब्बानियाच्या तळावरून बाहेर पडलेल्या गाड्यांतही जुन्या रोल्स रॉईस होत्या.

आज बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये अशी एक चिलखती रोल्स रॉईस जपून ठेवली आहे. लॉरेन्सचं शेवटचं घर तिथून अगदी जवळ आहे.